सल्ला हवा: सी-२७६ चा पाईप लाल करून वाकवला, आता बेंडजवळ ठिबकतो

मेहकरचा_फॅब्रिकेटर
राम राम मंडळी. आपलं काम ग्रिल-गेटचं. ओळखीतून एक ऑर्डर आली: हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टाकीतली कॉइल, सी-२७६ ची (निकेलचा मिश्रधातू). बेंडरवर वळेना म्हणून पोरानं गॅसनं लालभडक करून वाकवली. आठ महिन्यांत बेंडच्या बगलेतून ठिबकून राहिली, बाकी पाईप चकाचक. पार्टी म्हणते माल बोगस. माल दोन महिने टिनाच्या शेडमध्ये पडून होता, मे महिन्यात तिथं ४६ अंश! त्यानं तर नसंल झालं? वरून वेल्ड मारून देऊ का?

जुना_धातूवाला
उन्हाला दोष देऊ नका, ४६ अंशानं निकेलला घामही येत नाही. घात केला तो गॅसनं. या मिश्रधातूत साधारण १६ टक्के मॉलिब्डेनम असतं अन् या आम्लापुढं मुख्यतः तेच टिकवतं. ६५० ते १०९० अंशांच्या पट्ट्यात धातू रेंगाळला की मॉलिब्डेनम धातूच्या बारीक स्फटिकांच्या सीमेवर गोळा होऊन वेगळे कण बनवतं, त्यांना म्यू फेज म्हणतात. मग सीमेलगतचा भाग मॉलिब्डेनमविना उघडा पडतो. आम्ल तिथूनच शिरतं, धुऱ्यावरून गुरं शिरावीत तसं. लालभडक म्हणजे नेमका तोच पट्टा. वरून वेल्ड मारू नका, बिघडलेला धातू खाली अन् शेजारी तसाच राहील. बेंड कापा, थंड वाकवलेला तुकडा लावा.

मेहकरचा_फॅब्रिकेटर
भट्टीत तापवून नीट होत नाही का?

जुना_धातूवाला
होते. अख्खा तुकडा ११२० अंशाला धरून चटकन पाण्यात बुडवायचा, म्हणजे ते कण परत विरघळतात. पण गॅसच्या टॉर्चनं नाही. कडेला कुठंतरी तो पट्टा राहतोच.

वेल्डर_वाशीम
जोड मारताना ईआरएनआयसीआरएमओ-४ ची तार वापरा. एका पासनंतर (वेल्डचा एक थर) शेजारी पाण्याचा थेंब टाका. चर्र झालं तर थांबा, च्या घ्या. पुढचा पास ९३ अंशाच्या खाली. अन् ऑइल, ग्रीस, खडूची खूण पुसल्याबिगर हात लावू नका. त्यातलं गंधक निकेलला भेगा पाडते, हे मी एक फ्लँज वाया घालवून शिकलो.

जुना_धातूवाला
पार्टीशी वाद असेल तर बेंडचा तुकडा अन् सरळ पाईपचा तुकडा, दोन्हींची एएसटीएम जी-२८ चाचणी करवा. उकळत्या फेरिक सल्फेट-सल्फ्युरिक आम्लात २४ तास, मग वजनातली घट मोजतात. सरळ तुकडा पास झाला तर माल बोगस नव्हता. नागपूरला व्हीएनआयटीत धातुशास्त्र विभाग आहे, तिथं विचारून बघा.

मेहकरचा_फॅब्रिकेटर
म्हणजे चूक आपलीच निघंल की जी. बेंड कापून ठेवला, सोमवारी नागपूरची गाडी धरतो.