कातळशिल्पाचे मोजमापासह रेखाटन कसे करावे? मदत हवी आहे

राजापूर तालुक्यातील आमच्या गावच्या सड्यावर (उघड्या खडकाळ पठारावर), जांभ्या कातळात कोरलेली सुमारे ४ मीटर लांबीची एक प्राण्याची आकृती आहे. पावसाळ्यात गवत आणि शेवाळ चढण्यापूर्वी तिचे अचूक रेखाटन करून ते पुरातत्त्व विभागाकडे पाठवावे, अशी मनापासून इच्छा आहे. जमीन सामाईक असून सर्व हिस्सेदारांची संमती मिळाली आहे.

कोरीव रेषा जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या खोल असल्याने दुपारी त्या दिसतच नाहीत. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात मात्र शेपटीचा बाक आणि चारही पाय स्पष्ट उमटतात. त्या वेळी मोबाइलवर छायाचित्रे काढली, पण ती तिरकी आल्यामुळे त्यांवरून मापे घेता येत नाहीत. ड्रोन उपलब्ध नाही. रेषांत खडू किंवा चुना भरणे मला मुळीच मान्य नाही, कारण सच्छिद्र जांभ्यात तो अडकून राहतो. बारसू आणि देवीहसोळ येथील शिल्पे, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली, ती मी पाहिली आहेत. परंतु प्रत्यक्ष नोंदणीचे काम कधी केलेले नाही.

कातळात खिळा न ठोकता दोऱ्याची चौकट कशी ताणावी, आणि आलेख कागदावर उतरवण्यासाठी तिचे चौकोन किती सेंटिमीटरचे ठेवावेत?