बंद खाणींतली तळी: तळ शोधणं, गळ टाकणं (अनुभव धागा)

खाण बंद पडली, पंप थांबले की काही पावसाळ्यांत खड्डा भरतो आणि गावाच्या तोंडी त्याचं 'तळं' होऊन जातं. गोव्यातले लोहखनिजाचे पिट (खाणीचे खड्डे), चंद्रपूर-वणीकडच्या कोळशाच्या खुल्या खाणी, ठाणे-पुण्याच्या दगडखाणी, कोकणातल्या चिरेखाणी आणि परदेशातली अशीच पाणी. धरणावरचे किंवा गावतळ्यावरचे आडाखे इथे चालत नाहीत. काठ कसा, तळ कसा, मासा कुठल्या खोलीला, काय अडकतं, परवानगी कुणाची, ते लिहा. किती किलोचा लागला ते नंतर कधीतरी.

डिचोलीचो

गोव्यात खाणी २०१२ च्या सप्टेंबरात थांबल्या, मधे काही काळ चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज (खाणपट्टे) रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. ज्या पिटांचे पंप थांबले ते भरले. काही पिट समुद्रसपाटीच्याही खाली खोदलेले आहेत, त्यामुळे भूजल येतच राहतं आणि भर मे महिन्यातही पाणी तळाला जात नाही. म्हणून तळ बघायचा तर जुन्या चित्रांतच.

संगणकावर गूगल अर्थ उघडा, घड्याळाच्या खुणेवरून २०१० ते २०१२ ची डिसेंबर ते मे मधली चित्रं काढा. तीन गोष्टी शोधायच्या. पहिली हॉल रोड, म्हणजे डंपर खाली उतरायचा तो रस्ता. भरलेला डंपर चढायचा म्हणून उतार सौम्य असतो, दहा ते सोळा मीटरला एक मीटर. दुसरी बेंच, म्हणजे पायऱ्या, साधारण सहा-सात मीटर उंचीच्या. तिसरी सम्प, जिथे पंप बसवलेला असायचा ती सगळ्यांत खोल जागा. हॉल रोडच्या वळणांचे अक्षांश-रेखांश फोनमध्ये भरून घ्या. सम्पकडे गळ टाकायच्या भानगडीत पडू नका. तिथे खाली प्राणवायू नसतो, मासाही नसतो.

मासा मिळतो तो हॉल रोड पाण्यात शिरतो तिथे, दीड ते चार मीटर खोलीला. शेवाळ, किडे, गोगलगायी, जे काही अन्न आहे ते त्याच पट्ट्यात. बाकी पिट म्हणजे निळंहिरवं, नितळ, पोषण नसलेलं पाणी.

बेंचवर टाकायचं असेल तर आधी शिसं मोजून टाका. गळ न लावता नुसतं ३० ग्रॅमचं शिसं फेकायचं, पाण्याला लागल्यापासून दोर ढिला पडेपर्यंत आकडे म्हणायचे. आधी हॉल रोडवर, जिथे खोली ठाऊक आहे तिथे, मीटरला किती आकडे होतात ते बसवून घ्या. मग भिंतीकडून मध्याकडे एकेक मीटर पुढे टाकत चला. तीन-तीन-तीन आणि अचानक अकरा आले की बेंचची कड संपली. आमिष कडेवर ठेवू नये. मासा लागला की तो खोल बाजूला धाव घेतो आणि दोर जांभ्याच्या धारेवर घासून तुटतो. कडेपासून दोन मीटर अलीकडे, भिंतीच्या अंगाला ठेवा.

तळाला पिठासारखा लाल गाळ असतो. गोल शिसं त्यात बुडतं आणि आमिषही घेऊन जातं. चपटं शिसं, पुढे ४० सें.मी. दोर आणि गळाच्या दांड्यावर हरभऱ्याएवढी थर्माकोलची गोळी, म्हणजे आमिष गाळाच्या वर तरंगतं. पावसाळ्यात वरच्या डंपावरून, म्हणजे काढून टाकलेल्या मातीच्या ढिगावरून, लाल पाणी येतं, ते नितळायला नोव्हेंबर उजाडतो. तोवर जाऊ नका, काठही त्याच काळात सुटतात.

लीज रद्द झालं म्हणजे जागा मोकळी झाली असं नाही. कुंपण असेल तर आत जायचं नाही, आणि काही पिटांचं पाणी उन्हाळ्यात शेतीसाठी उपसलं जातं. पाण्याची पातळी दिवसात खाली जाते, ओला काठ उघडा पडतो आणि पाय घोट्यापर्यंत नाही, मांडीपर्यंत जातो.

देवगडकर

चिरेखाणींबद्दल थोडकं. या लहान, चारपाच मीटर खोल, आणि भिंती करवतीने कापल्यासारख्या उभ्या, कारण त्या कापलेल्याच असतात. बहुतेक फेब्रुवारी-मार्चपर्यंत आटतात. इथे कटला-रोहू शोधू नका. पहिल्या मोठ्या पावसात ओहोळातून चढून आलेली मरळ आणि मांगूर, एवढंच. मरळीला जिवंत बेडूक लावायची जुनी पद्धत सोडा. मोठा बेडूक वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. रबरी बेडूक, ३० पौंडी ब्रेडेड दोर, सकाळी सात ते नऊ, गवत लोंबतंय त्या कोपऱ्यांत. मरळीने झडप घातली की लगेच झटका देऊ नये. दोन आकडे म्हणावेत, दोर ताठ झाला की मग.

वर्धाकाठचा

कोळशाच्या खुल्या खाणीला दोन बाजू असतात आणि त्या ओळखता आल्या की अर्धं काम झालं. एका बाजूला हायवॉल, म्हणजे न खोदलेल्या खडकाची उभी भिंत. तिथे काठापासून दोन हातांवर वीस मीटर पाणी असू शकतं. समोरच्या बाजूला डंप, म्हणजे कोळशावरची काढलेली माती-वाळूखडक. तो पाण्याखालीही उतरता जातो, काठाला पाणकणीस वाढतं, मासे त्याच बाजूला. पण डंप जितका नवा तितका बेभरवशाचा. ज्यावर झाडं सरळ उभी वाढली आहेत, ओघळी पडलेल्या नाहीत, कडेला समांतर भेगा नाहीत, तोच जुना आणि बसलेला. झाडं पाण्याकडे कललेली दिसली तर ती बाजू सोडून द्या.

काठाला काळा थर उघडा असेल आणि त्यातून धूर, वाफ किंवा गंधकासारखा वास येत असेल तर आतून कोळसा पेटलेला आहे. वरची माती साबूत दिसते, खाली पोकळी असते. तसंच या पट्ट्यात जुन्या भूमिगत खाणीही आहेत. घुग्घूसला ऑगस्ट २०२२ मध्ये एक राहतं घर जमीन खचून आत गेलं. शॉर्टकट म्हणून मोकळ्या रानातून चालण्यापेक्षा जुन्या कोलरोडने, म्हणजे कोळशाच्या गाड्यांच्या रस्त्यानेच चाला.

पाण्याचं सांगायचं तर, आपल्याकडच्या गोंडवाना कोळशात गंधक कमी, त्यामुळे चंद्रपूर-यवतमाळच्या खाणींचं पाणी सहसा आम्लधर्मी नसतं, जड असतं. साबणाला फेस येणार नाही, पण मासा जगतो. मेघालयात उलट आहे, तिथल्या कोळशात गंधक भरपूर आणि खाणींतल्या आम्लाने नद्यांतला मासा संपला. तरी खिशात पीएच पट्टी (पाण्याचा आम्लपणा दाखवणारी) ठेवा, पाचपेक्षा खाली रंग गेला तर गळ पिशवीतच राहू द्या.

रोहूसाठी आमचं गणित: गव्हाची कणीक दोन वाट्या, भाजलेलं बेसन अर्धी वाटी, शेंगदाण्याच्या पेंडीचा भुगा अर्धी वाटी, पाणी त्याच तळ्याचं. गोळा इतका घट्ट की पाण्यात वीस मिनिटं टिकला पाहिजे. काठावर टाकून बघा. गळ ६ नंबर, दोर ०.३० मि.मी. चारा म्हणून तांदळाचा कोंडा आणि पेंड भिजवून लिंबाएवढे आठ-दहा गोळे एकाच जागी. अशा पाण्यात अन्न कमी, म्हणून चाऱ्यावर मासे लवकर येतात. पण जास्त टाकला तर पोट भरून निघूनही जातात.

खाण चालू असेल किंवा कंपनीच्या ताब्यात असेल तर आत पाऊलही नको. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असेल तर पावती त्यांच्याकडून.

फक्त_चिलापी

दगडखाणींत चिलापीच चिलापी. गांडुळाचा पाऊण इंच तुकडा, १० नंबरचा गळ, बोटभर लांबीचा हलका फ्लोट, खोली दोन मीटर. दुपारी बारा ते तीन, उन्हाच्या बाजूच्या भिंतीला. याहून जास्त शास्त्र त्यात नाही.

कातळ

वरच्या प्रतिसादात दगडखाण फारच सोपी करून टाकली आहे, म्हणून हे लिहितो. या खाणींत दरवर्षी पोरं बुडतात आणि त्यांत पट्टीचे पोहणारेही असतात. कारण पोहणं नसून बाहेर येणं. बसाल्टची भिंत सुरुंगाच्या भोकांच्या रेषेत उभी फुटलेली असते, पाण्याशी शेवाळलेली, हाताला धरायला काही नाही. वर पाणी कोमट आणि दोन-तीन मीटरखाली एकदम गार, त्याने दम लागतो.

म्हणून बसण्याआधी बाहेर यायची जागा ठरवा. रॅम्प (पाण्यात उतरणारा जुना रस्ता) जवळ असेल तर उत्तम. नसेल तर १२ मि.मी. जाडीचा दोर, दर दीड फुटाला गाठ, एक टोक झाडाला किंवा कातळातल्या पक्क्या खुंटीला, दुसरं पाण्यात दोन मीटर बुडलेलं. लाइफ जॅकेट अंगात, पिशवीत नाही. एकट्याने जाऊ नका. भिंतीच्या कडेपासून दीड मीटर मागे खुर्ची, आणि त्यासाठी काठी ११-१२ फुटी लागते.

पाण्याखाली तारा, ड्रिलचे रॉड, क्रशरचे पट्टे पडलेले असतात. शिसं मुख्य दोराला थेट बांधू नका. त्याला ०.१८ मि.मी. चा कमकुवत वेगळा तुकडा द्या, अडकलं तर शिसं जाईल, मासा राहील.

जाळीपिंजरा

तळं उलटणं कुणी लिहिलं नाही, आणि या पाण्यात मासा मरतो तो बहुतेक त्यानेच. खाण खोल, तोंड लहान, वर भिंतींचा आडोसा, त्यामुळे वाऱ्याने पाणी ढवळत नाही. खालचा थर महिनोन्‌महिने प्राणवायूविना राहतो, त्यात हायड्रोजन सल्फाइड साठतो. थंडीची लाट, सलग ढगाळ दिवस किंवा एकदम मोठा पाऊस आला की वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली जातं, खालचं वर येतं. खूण म्हणजे पाणी रातोरात काळपट-तपकिरी, कुजक्या अंड्याचा वास, पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून. असं दिसलं तर तीन-चार आठवडे तिकडे फिरकू नका. उरलेला मासा आमिषाला बघतही नाही.

झारखंडात रामगढकडे बंद कोळसाखाणींत जाळ्याच्या पिंजऱ्यांत पंगस मासा वाढवतात. पिंजरा सहसा ६×४×४ मीटरचा. म्हणजे जाळं चार मीटर खाली जातं आणि प्राणवायू तीन मीटरलाच संपत असेल तर खालच्या मीटरमधले मासे वर दाटी करतात. पिंजरा टाकण्याआधी पहाटे पाच वाजता, दर मीटरला प्राणवायू मोजून घ्या. दुपारचा आकडा फसवा असतो. तीस मीटर खोलीत नांगर धरत नाही, दोर चारही काठांना बांधावे लागतात, आणि पावसाळ्यात पातळी चढली की ते ढिले करत जावे लागतात.

कॉटबूसहून

पूर्व जर्मनीतला लाउझित्स हा लिग्नाइटचा (तपकिरी कोळशाचा) पट्टा, खाणी भरून केलेल्या तळ्यांची साखळीच आहे. झेन्फ्टेनबर्ग तळं १९६७ ते १९७२ दरम्यान भरलं. इथे अडचण आम्लाची: मातीतलं पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) हवेला लागून गंधकाम्ल होतं, नव्या तळ्यांत पीएच तीनच्या आसपास जातो, मग बोटींनी चुना टाकावा लागतो. पारदर्शक फिरोजी पाणी बघून हुरळू नका, तिथे बहुधा मासाच नसतो.

काठावर बंदीच्या पाट्या असतील तर त्या गंभीर आहेत. भराव सैल वाळूचा असतो, पाणी चढलं की धक्क्याने तो अचानक पातळ होऊन वाहतो. सॅक्सनी-आनहाल्टमधल्या नाख्तरश्टेट इथे १८ जुलै २००९ रोजी अशाच तळ्याचा काठ घरांसकट कोसळून तीन माणसं गेली.

ब्रांडेनबुर्गमध्ये शिकारी नसलेल्या माशांसाठी परीक्षेचा परवाना लागत नाही, मत्स्यकर भरायचा आणि त्या पाण्याचं कार्ड घ्यायचं. पाइक, झांडर अशा शिकारी माशांसाठी मात्र परवाना हवाच. आणि सोडून देण्यासाठीच पकडणं इथल्या प्राणिसंरक्षण कायद्यात अडकतं, हे आपल्याकडून आलेल्यांना माहीत नसतं.

मिनेसोटा_मराठी

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या कायुना पट्ट्यातली मँगनीजयुक्त लोहखनिजाची तळी स्वच्छ आणि थंड, म्हणून त्यांत रेनबो ट्राउट सोडतात. पोर्ट्समथ तळं तर साडेचारशे फूट खोल. राज्याच्या परवान्यावर ट्राउटचा वेगळा स्टँप लागतो, उन्हाळ्यात माणशी एकच दोर. काठाला बुडालेली झाडं आहेत, ट्राउट सकाळी त्यांच्या टोकाशी, दहानंतर खोल. फिरताना मिलफर्ड खाणीचं स्मारक लागेल. ५ फेब्रुवारी १९२४ ला वरच्या तळ्याचं पाणी खाणीत घुसून ४१ खाणकामगार गेले.

वर्धाकाठचा

खायचं का, असं खाली कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच. खाणीत वीजकेंद्राची राख टाकली गेली असेल किंवा राखेचं पाणी येत असेल तर अजिबात नाही. एरवी कल्ले, आतडी, यकृत टाकून फक्त मांस. तळाशी राहणारे मांगूर-शिंगाळ्यासारखे मासे टाळा, वरच्या थरातला कटला बरा. मुलांना आणि गरोदर बाईला यातला कुठलाच नको.