मदत हवी आहे : पुराचं एकूण पाणी जुळतं, कमाल विसर्ग जुळत नाही

नमस्कार. १८० चौरस किमी पाणलोट क्षेत्रासाठी हेक-एचएमएसमध्ये (पावसावरून नदीचा विसर्ग काढणारं सॉफ्टवेअर) पुराचं मॉडेल करते आहे आणि आठवडाभर एकाच जागी अडकले आहे.

क्षेत्रात तीन पर्जन्यमापक आहेत. दोन साधे, रोज सकाळी एकदा वाचले जाणारे. तिसरा टिपिंग बकेटचा (छोटी बादली भरली की कलंडते, प्रत्येक कलंडणं म्हणजे एक टिप), दर १५ मिनिटांनी नोंद करणारा, पण तो अगदी खालच्या टोकाला. पुराच्या दिवशी सरासरी ९६ मिमी पाऊस झाला. तो मी २४ तासांत सारखा वाटला, म्हणजे ताशी ४ मिमी. एकूण पाणी छान जुळलं, पण कमाल विसर्ग आला ११० क्युमेक (सेकंदाला घनमीटर). मोजलेला आहे ३९०. लॅग (पाऊस पडल्यापासून विसर्ग कमाल होईपर्यंतचा उशीर) पाच तासांवरून दीडवर आणला, कर्व्ह नंबर (पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते ठरवणारा आकडा) वाढवला, तरी १७० च्या वर जात नाही आणि एकूण पाणी मात्र फुगतं. ग्रीन-अ‍ॅम्प्ट (जमिनीत पाणी किती वेगाने मुरतं ते काढणारी पद्धत) लावलं तर थेंबभरही पाणी वाहत नाही!

मग खालच्या मापकाचा १५ मिनिटांचा पाऊस सगळीकडे लावला. तिथे ७० मिमी पाऊस तीन तासांत कोसळला होता. आता विसर्ग ५२०, तोही दीड तास आधी. यावरून खालच्या वस्तीसाठी इशाऱ्याची पातळी ठरायची आहे, म्हणून ओढूनताणून जुळवलेलं उत्तर नको आहे. कुठे चुकतंय?

प्रतिसाद :
लॅग आणि कर्व्ह नंबर आधी होते तिथे परत न्या, दोष त्यांचा नाही. ताशी ४ मिमी गुणिले १८० चौरस किमी म्हणजे सेकंदाला २०० घनमीटर. पावसाचा थेंब न् थेंब वाहून गेला तरी ३९० येणं शक्यच नाही. कर्व्ह नंबर फक्त साचलेली बेरीज बघतो, म्हणून एकूण पाणी जुळलं. ग्रीन-अ‍ॅम्प्टला तीव्रता लागते. ताशी ४ मिमी तुमची जमीन सहज पिऊन टाकते.

दुसऱ्या प्रयोगात तुम्ही सर एकाच क्षणी सगळीकडे पाडली. विसर्गाचा माथा लवकर आणि मोठा आला, यावरून मला वाटतं पाऊस खालून वर सरकला. तसं असेल तर खालचं पाणी निघून गेल्यावर वरचं पोहोचलं. क्षेत्राचे भाग पाडा, साध्या मापकांची बेरीज कायम ठेवून तिला खालच्या मापकाची वेळवाटणी द्या आणि वरच्या भागांना ती उशिरा सुरू करा. किती उशिरा, ते आयमर्गच्या अर्ध्या तासाच्या उपग्रह-नोंदींतून अंदाजा. त्याची एक चौकट साधारण ११ किमीची, तेव्हा वेळेसाठी वापरा, मिलिमीटरसाठी नको.

आणखी एक. टिपिंग बकेटची मूळ नोंद उघडून बघा. ऐन जोरात टिपा एकाच लयीत पडत असतील आणि पाऊस थांबल्यावरही चालूच असतील, तर गाळणीत पाला अडकलेला असतो. बेरीज बरोबर दिसते, तीव्रता मात्र चपटी होते.

धागाकर्ती :
मनापासून आभार. नोंद तपासली, टिपा स्वच्छ आहेत. आयमर्गमध्ये सर वर सरकताना दिसली, म्हणून वरचे दोन भाग एक आणि दोन तास उशिरा सुरू केले. विसर्ग ४१५, वेळेत फरक २० मिनिटांचा, लॅग तोच पाच तास. आता हेच आकडे न बदलता दुसऱ्या पुरावर चालवते.

एक शंका राहिली : वरच्या मापकाची सकाळची वेळ पावसाच्या मधेच आली, तर दोन तारखांची बेरीज एकत्र करून वाटायची ना?