ऑपेरा गायिका आणि पियानो: घरीच आणि एकत्रच रेकॉर्ड करावं. पटतंय का?

कॅम्पातला_जुना

भाची सोप्रानो आहे, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीत गाणारी ऑपेरा गायिका, गोव्यात शिकली. परदेशातल्या संगीत कॉलेजात अर्ज करायचाय, त्यासाठी पियानोच्या साथीनं रेकॉर्डिंग पाठवायचंय. अट अशी की प्रत्येक गाणं सलग एका टेकमध्ये हवं, मध्ये कापाकापी नको. घरी अपराईट, म्हणजे कपाटासारखा उभा पियानो आहे, वाजवणार तिची मावशी. ओळखीचे सगळे एकच सांगतात: स्टुडिओ घ्या, आधी पियानो रेकॉर्ड करा, मग हेडफोन लावून पोरगीला त्यावर गाऊ द्या. मला हे साफ नामंजूर आहे.

या गाण्यात ठेका घड्याळासारखा चालत नाही. वरचा सूर गायिका किती वेळ धरेल ते त्या क्षणी ठरतं, आणि पियानोवाल्यानं तिचा श्वास बघून पुढच्या सुरावर यायचं असतं. आमच्या बेळगावात रामभाऊ विजापुरे मास्तरांची हार्मोनियमची संगत ज्यांनी ऐकलीय त्यांना हे समजवावं लागणार नाही. पियानो आधी भरून ठेवला की गायिकाच त्याच्या मागं फरफटत जाते.

दुसरं, माइक तोंडाशी नको. हा आवाज घडवलेलाच असतो माइकशिवाय, अख्ख्या वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत जायला. साधारण 3000 हर्ट्झच्या आसपास त्याचा बराच जोर असतो. तिथं वाद्यवृंद कमजोर असतो आणि आपला कान सगळ्यात तिखट. एक फुटावर माइक ठेवला तर नुसती ती धार पकडाल. दोन माइकची जोडी घ्या, मध्ये 17 सेंटिमीटर अंतर, तोंडं 110 अंशात फाकवलेली, आणि सहा-सात फूट लांब ठेवा. पियानो जास्त वाटला तर माणसं हलवा, बटणं नकोत.

वडगाव_गल्ली

काका, तुमचा बंगला कॅम्पात. दगडी भिंती, पंधरा फुटांवर छत, बाहेर झाडं. तुम्हाला सहा फूट लांब माइक परवडतो. आमच्याकडं शेजारी यंत्रमाग, वर स्लॅब, खोली 12 बाय 15 आणि उंची 10 फूट. एवढ्या खोलीत माइक तीन-चार फुटांच्या पलीकडं गेला की गायिकेपेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. तुमचं मत म्हणजे ज्यांच्याकडं बंगला आहे त्यांचं मत.

आणि अंक बघा. 10 फूट उंचीत आवाज वर-खाली आदळून साधारण 56 हर्ट्झला घुमतो. पियानोचा खालचा एक ‘ए’ सूर 55 ला आहे. मावशींनी तो दाबला की खोली गुरगुरणार, शेजारचा सूर मात्र गप्प. एकत्र रेकॉर्ड केलं तर ती गुरगुर गाण्यात मुरते, नंतर काढता येत नाही. त्यापेक्षा डिजिटल पियानोची वायर सरळ रेकॉर्डरला जोडा, आवाज तेवढा माइकवर घ्या. दोघी एकाच वेळी हेडफोन लावून बसू देत, श्वासबिस सगळं दिसतंय की समोर! एकत्र म्हणजे एकाच हवेत असायला पाहिजे असं कुठं लिहिलंय?

शहापूरकर_७

एवढं कशाला रे? भिंतींना वाकळा लावा, झालं.

वडगाव_गल्ली

वाकळ वरचे तीक्ष्ण सूर खाते भावा, खालचा जाड आवाज, म्हणजे बास, तसाच राहतोय. 56 हर्ट्झची एक लाट सहा मीटर लांब असते, ती वाकळीला काय भीक घालणार? वर तीक्ष्णपणा गेलेला आणि खाली घुमतंय, असलं मिळेल.

निपाणीचा_ऐकीव

1902 मध्ये मिलानच्या हॉटेलच्या खोलीत ऑपेरा गायक एन्रिको कारुसोनं एका दुपारात 10 गाणी पियानोबरोबर ध्वनिमुद्रित केली. फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस यंत्र घेऊन हॉटेलात गेला होता. त्याच वर्षी तोच गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि नोव्हेंबरात हॉटेलच्याच खोलीत गायिका गौहर जान गायल्या. जगातल्या गाजलेल्या तबकड्या हॉटेलच्या खोल्यांत झाल्यात आणि तुम्ही स्लॅब मोजत बसलाय.

वडगाव_गल्ली

तेव्हा माइक नव्हता. गायक थेट यंत्राच्या कर्ण्यात तोंड घालून गायचा, आणि त्या कर्ण्याला खालचा बास ऐकू येत नसे, वरची झळाळीही नाही. खोली चांगली होती म्हणून नव्हे, कर्णा बहिरा होता म्हणून निभावलं. विजेचा माइक तबकड्यांसाठी 1925 पासून आला, आणि तिथूनच खोली ही अडचण झाली. तुम्ही दिलेला दाखला माझ्याच बाजूचा आहे!

निपाणीचा_ऐकीव

असो. पण कारुसो आणि पियानो एकत्रच होते ना? तेवढं तरी काकांच्या बाजूनं धरा.

टिळकवाडीची_पियानोवाली

मी पियानो शिकवते, म्हणून दोघांनाही ऐकवते. वडगावकर, डिजिटल पियानो वायरनं घेतला की तो कोरडा, आवाजात मात्र खोली. दोघं वेगवेगळ्या गावांत बसल्यासारखे ऐकू येतात. नंतर वर कितीही प्रतिध्वनी शिंपडा, कानाला कळतं. आणि कॉलेजवाले ऐकणारे आहेत, त्यांना तर कळणारच.

पण कॅम्पातले काका, पियानोबद्दल तुम्ही फार हलकं बोललात. बहुतेक घरांत अपराईट भिंतीला पाठ लावून उभा असतो. त्याचा आवाज मागच्या लाकडी फळीतून निघतो, म्हणजे तुम्ही अर्धा पियानो भिंतीला ऐकवताय. आधी तो दोन-तीन फूट पुढं ओढा, वरचं झाकण किंचित उघडा. आणि मुख्य म्हणजे पाऊस. आपल्याकडं जूनपासून हवेत एवढा ओलावा असतो की फळी फुगते आणि सूर चढतो, तोही सगळीकडं सारखा नाही, मधल्या सप्तकात जास्त. ट्यूनर बाहेरगावाहून बोलवायचा तर रेकॉर्डिंगच्या अगदी आदल्या दिवशी बोलवा. मागच्या दिवाळीला लावून घेतलाय हे उत्तर चालत नाही.

आणि मुलीला कोण विचारतंय? वाकळांनी गुदमरलेल्या खोलीत गायिकेला स्वतःचा आवाज परत ऐकू येत नाही, मग ती जोर लावते, गळा आवळतो. कडक भिंतींच्या छोट्या खोलीत उलटं, स्वतःचाच आवाज अंगावर येतो म्हणून ती आखडून गाते. दोन्हीकडं रेकॉर्डिंगमध्ये तिचा खरा आवाज नाहीच. म्हणून माझं म्हणणं, घर सोडा. एखादा रिकामा हॉल घ्या.

खानापूर_रोड

कॅम्पातलं एखादं चर्च विचारून बघा की. आवाज कसला फुलतोय तिथं!

टिळकवाडीची_पियानोवाली

आवाज फुलतो, पियानोचा मात्र चिखल होतो. सूर लांबवणारं पेडल दाबलं की मागचा सूर पुढच्यात मिसळतो. आणि हॉलचं म्हणाल तर टिळकवाडीत आमच्या बाजूला रेल्वे गेटपाशी गाडीचा भोंगा नेमका हळुवार ओळीवर यायचा, ते वेगळंच.

कॅम्पातला_जुना

पियानो पुढं ओढायचं मान्य. हॉल नाही. अनोळखी जागेत पोरगी अर्धा वेळ जागेला सरावण्यात घालवेल. माझ्या दिवाणखान्यात पुस्तकांची कपाटं आहेत, सोफा आहे, उंची आहे. तेवढ्यात भागतं.

गेन, म्हणजे रेकॉर्डरवर आवाजाची पातळी, किती ठेवायचा हेही कुणी बोललं नाही. 24 बिटवर घ्या आणि तिच्या सगळ्यात मोठ्या सुराला मीटर उणे 12 डेसिबलपाशी राहू द्या. फोनवर तर घेऊच नका. त्यातली आपोआप आवाज सांभाळणारी सोय चढ्या सुराला दाबते आणि ती श्वासाला थांबली की पंख्याची घरघर वर आणते.

शहापूरकर_७

पंखा सोडा, इथं दिवसभर माग धडधडतात. मी सांगतो, करंट गेला की रेकॉर्ड करा. फ्रिज गप्प, पंखा गप्प, माग पण गप्प. रेकॉर्डर तेवढा बॅटरीवर.

वडगाव_गल्ली

हे या धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य 😄

काका, तुमची लांबची जोडी ठेवा. पण गायिकेपासून दोन फुटांवर एक माइक वेगळ्या ट्रॅकवर घ्या. शब्द पुसट वाटले तर थोडा मिसळता येईल.

कॅम्पातला_जुना

तो मिसळला की घोळ. जवळच्या माइकला आवाज आधी पोचतो, लांबच्या जोडीला साधारण चार मिलिसेकंद उशिरा. दोन्ही एकत्र केले की काही सूर एकमेकांना कापतात, आवाज पोकळ होतो.

वडगाव_गल्ली

मग जवळचा ट्रॅक तेवढाच मागं सरकवा की संगणकावर. दोन मिनिटांचं काम.

कॅम्पातला_जुना

आणि त्याच माइकमध्ये आलेल्या पियानोचं काय? त्याचं अंतर वेगळं. गायिकेचा सरकवून जुळवलास तर पियानोचा बिघडेल.

वडगाव_गल्ली

म्हणूनच म्हटलं होतं, पियानो वायरनं घ्या.