थेरपिस्ट कसा सापडला? तुमचे अनुभव लिहा

मोठ्या शहरात थेरपिस्टच्या नावांना तोटा नाही, पंचाईत होते ती निवडताना. माहिती वाचावी तर प्रत्येक जण चिंता, नैराश्य, नातेसंबंध, करिअर सगळंच हाताळतो. तुम्ही योग्य माणसापर्यंत कसे पोचलात? कुठे जमलं नाही, आणि का? नावं-पत्ते नकोत, शोधलं कसं ते लिहा.

०

मला ओसीडी (मंत्रचळ) आहे. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, सारखं तपासत बसायचं. आधीच्या मॅडम फार प्रेमळ होत्या. दर वेळी समजूत घालायच्या, "अहो, केला असणार बंद." तेवढ्यापुरतं हायसं वाटायचं, घरी पोचेपर्यंत पुन्हा सुरू. ओसीडीत अशी खात्री देत राहिलं की उलट तो आजार पोसला जातो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यावर ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) ही खास पद्धत आहे: भीती वाटते ती परिस्थिती पायरीपायरीने मुद्दाम ओढवून घ्यायची आणि तपासायला जायचं नाही.

मग फोनवरच विचारायला लागले, "ईआरपी करता का? नेमकी कशी?" एकांनी "आपण भेटल्यावर बोलू ना" म्हणून टोलवलं. त्यांच्याकडे गेलेच नाही. सध्याच्या ताईंनी आधी यादी करायला लावली आणि प्रत्येक भीतीला ० ते १०० मधला आकडा द्यायला सांगितला. सगळ्यात सोपी पायरी काय, तर फ्रिजचं दार लावायचं आणि मागे न बघता खोलीबाहेर पडायचं. वाचायला हास्यास्पद वाटेल, पण त्या दिवशी घाम फुटला होता मला.

०

सायकियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर, ते औषध देतात. सायकॉलॉजिस्ट बहुतेक ठिकाणी देत नाहीत. मला दोघंही लागले. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं म्हणून मी टिकलो.

०

मी गे आहे आणि हे पहिल्याच फोनवर सांगून टाकतो. "ते बदलायचंय का?" असा प्रश्न आला की फोन ठेवायचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ज्यांना ही बातमी अजून पोचली नाही, त्यांची शिकवणी मी का घ्यावी?

०

मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून थोडं पुस्तकी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपिस्टशी जुळण्याचे तीन भाग मांडले: आपसातला जिव्हाळा, कुठे पोचायचं यावर एकमत आणि त्यासाठी काय करायचं यावर एकमत. लोक पहिल्यावरच अडतात, "छान वाटतं बोलून" म्हणतात. पण महिनोन् महिने छान वाटून आपण चाललोय कुठे, हे विचारायला हरकत नसते. चांगला थेरपिस्ट त्याने दुखावत नाही.

०

माझ्यासाठी अंतर हाच मुद्दा. क्लिनिक शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पन्नास मिनिटांच्या सेशनपायी अर्धा दिवस जायचा. शिवाय भरपूर रडून झाल्यावर लगेच गर्दीच्या गाडीत चढायचं! आता व्हिडिओवर करते. घरात सगळे असतात, म्हणून खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून, काचा बंद करून. वॉचमनला वाटतं ऑफिसची मीटिंग चाललीय.

०

माझं नेमकं उलटं. परतीचा तो लांबचा प्रवासच मला हवा असतो. घराचं दार उघडून थेट "जेवायला काय?" नको वाटतं.

०

एक युक्ती. ज्यांच्याकडे जायचं होतं त्यांच्याकडे जागाच नव्हती, कित्येक महिन्यांची वेटिंग लिस्ट. मी दोन ओळींत माझा प्रश्न लिहून पाठवला आणि विचारलं, "यासाठी तुम्ही स्वतः कुणाकडे पाठवाल?" त्यांनी नावं दिलीच, शिवाय कोण कशात मुरलेलं आहे तेही सांगितलं. त्यातल्याच एकांकडे जातोय.