डोंगरशर्यतीतील स्वयंसेवकांना करोनापासून कसे जपावे?

घाटवाट (९ नोव्हेंबर २०२१)

सप्रेम नमस्कार. पुढच्या महिन्यात आमच्या तालुक्यात डोंगरवाटांवरून ५० किलोमीटरची शर्यत होणार आहे. सात पाणीकेंद्रांवर मिळून ६० स्वयंसेवक असतील आणि त्यांची जबाबदारी माझ्याकडे आहे. मास्क, सॅनिटायझर, हातमोजे आणि तापमान मोजण्याची गन अशी खरेदी झाली आहे, तरीही मन स्वस्थ नाही. धावपटू स्वतःच्या हौसेने येतो. पाणी देणारा मुलगा माझ्या शब्दाखातर येतो आणि संध्याकाळी आजी-आजोबांच्या घरात परत जातो. धापा टाकत, थुंकत, नाक शिंकरत येणाऱ्या धावपटूपासून त्याचे रक्षण कसे करावे? शिवाय काही मुलांचा कोविशील्डचा पहिला डोस गेल्याच महिन्यात झाला असून, ८४ दिवसांच्या अंतरामुळे दुसरा डोस शर्यतीआधी मिळणार नाही. दोघांना तर अजून १८ वर्षेही पूर्ण झालेली नाहीत. त्यांना घ्यावे का?

सह्यपथिक

आपण ज्याची धास्ती घेतली आहे तो धावपटू केंद्रावर मिनिट-दोन मिनिटे थांबतो, तेही उघड्या वाऱ्यावर. हा विषाणू मुख्यतः श्वासावाटे हवेतून पसरतो आणि कोंदट जागेत साचून राहतो, म्हणून मला त्याहून अधिक काळजी वाटते ती पहाटे चार वाजता थंडीमुळे काचा लावून निघणाऱ्या, दहा जण कोंबलेल्या जीपची, आणि त्यानंतर तीन बाजूंनी ताडपत्री बांधलेल्या मांडवात मास्क हनुवटीवर ओढून एकत्र खाल्ल्या जाणाऱ्या पोह्यांची. या फेब्रुवारीत आम्ही छोटी शर्यत घेतली, तेव्हा नंतर आजारी पडलेले तिन्ही स्वयंसेवक एकाच जीपमधून आले होते. तिघांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळते. पण त्यानंतर आमची सारी आखणी बदलली. एका वाडीतील मुले एकाच गाडीतून एकाच केंद्रावर जातात आणि दिवसभर तिथेच राहतात, गाडीच्या काचा उघड्या असतात (स्वेटर, कानटोपी घेऊनच यावे, असे आम्ही आधी बजावतो), ताडपत्री फक्त डोक्यावर बांधली जाते आणि न्याहारी दोघादोघांनी पाळीपाळीने, मांडवाबाहेर बसून होते.

पाण्यासाठी धावपटूने स्वतःचा पेला आणावा आणि नळ असलेल्या जारमधून तो स्वयंसेवकाने भरावा. मों ब्लांच्या प्रसिद्ध डोंगरशर्यतीत स्वतःचा पेला बाळगणे बंधनकारकच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्स शर्यतीत पाण्याच्या बंद पिशव्या देतात. त्याने हाताळणी कमी होते खरी, परंतु आपल्या घाटात तो प्लास्टिकचा कचरा मला सहन होणार नाही. संत्र्याच्या फोडी करू नका, अख्खी केळी आणि वेष्टनातील चिक्की ठेवा. हातमोजे घातले की हात धुणे विसरले जाते, म्हणून त्यांपेक्षा साबण आणि पाण्याची बादली बरी.

वैद्यकीय मदतनीस

मी डॉक्टर असून अशा शर्यतींच्या वैद्यकीय तंबूत काम करते. तापमानाच्या गनवर विसंबू नका. पहाटेच्या गारठ्यात कपाळाची त्वचा थंड असल्याने ताप असूनही आकडा कमी दिसू शकतो, आणि ज्याला लागण होऊनही ताप नाही, तो त्यातून सुटतोच. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला दूरध्वनी करून घसा, खोकला, अंगदुखी, घरातील आजारपण यांविषयी विचारावे. सहा-सात राखीव स्वयंसेवक हाताशी असले, तर आजारी मुलाला ‘मी येत नाही’ म्हणताना संकोच वाटत नाही.

धावपटू कोसळला तर मात्र गोंधळ होता कामा नये. दुपारच्या उन्हात धावलेल्या माणसाचे अंग तापलेले असणार. तो असंबद्ध बोलत असेल, तर करोनाचा संशय घेऊन त्याला बाजूला बसवून ठेवणे जिवावर बेतू शकते. तो उष्माघात समजून सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतत राहावे आणि आम्हाला बोलवावे. श्वास व हालचाल थांबली असेल, तर त्याचे नाक-तोंड कापडाने हलकेच झाकावे, तोंडाने श्वास देऊ नये आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहावे. प्रत्येक केंद्रावर किमान दोघांनी याचा सराव आधी करावा. अशा वेळी मदत करणाऱ्याजवळ एन-९५ मास्क हवा. तो चुरगळून खिशात न ठेवता वेगळ्या पाकिटात ठेवावा.

आणखी एक, नुकत्याच बऱ्या झालेल्या मुलाला २० लिटरचे जार घेऊन चढ चढायला लावू नका. त्याला नोंदवहीवर बसवा.

घाटवाट

दोघांचेही मनापासून आभार. जीपचा विचार माझ्या यादीत नव्हता. आता दोनऐवजी चार गाड्या ठरवतो आणि हातमोज्यांची खोकी परत करतो. एक डोस झालेल्या मुलांचे काय करावे, ते मात्र अजून उमगत नाही.

सह्यपथिक

त्यांना मांडवात ठेवू नका. वळणावर दिशा दाखवण्याचे काम उघड्यावर आणि एकट्याचे असते. ते त्यांना द्या, ये-जा त्यांनी स्वतःच्या दुचाकीवरून करावी. १८ वर्षांखालील दोघांसाठी मी आदल्या आठवड्यातील वाटेवर खुणेच्या फिती बांधण्याचे काम राखून ठेवले असते. आमच्या शर्यतीत ते काम मुलांनी आनंदाने केले, आणि वाट त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.