मदत हवी आहे : जन्म दात्याच्या शुक्राणूंमधून झाला आहे, मला नेमके काय मागता येईल?

नमस्कार. मी नाशिकचा, वय ३१. विषय घरातला असल्यामुळे वेगळ्या नावाने लिहीत आहे. गावाचे आणि रुग्णालयाचे नाव कृपया विचारू नये.

गेल्या वर्षी वडील वारले. दहाव्याचे विधी रामकुंडावर केले आणि त्यानंतर आमच्या कुळाच्या उपाध्यायांनी जुनी वही काढली. तीत पणजोबांची सही मोडीत आहे, आजोबांची आणि वडिलांची देवनागरीत. त्याखाली मी माझे नाव लिहिले. तेव्हा आई शेजारी बसली होती आणि काहीच बोलली नाही. पुढे तीन-चार महिन्यांनी पत्नीला दिवस गेले, डॉक्टरांनी दोन्ही घरांतील आजारांची माहिती विचारली आणि वडिलांना चाळिशीतच मधुमेह झाल्याचे मी लिहून दिले. रात्री जेवताना मी हे सहज सांगितले, तेव्हा आई म्हणाली, "त्यांची साखर तुझ्याकडे येणार नाही." मग तिने सगळे सांगितले.

आईवडिलांना लग्नानंतर आठ वर्षे मूल नव्हते आणि दोष वडिलांच्या बाजूने होता. शहरातील एका खाजगी रुग्णालयात दात्याचे शुक्राणू वापरून उपचार झाले. (याला कृत्रिम रेतन म्हणतात, आमच्या गावाकडे हा शब्द गाईम्हशींसाठीच वापरतात, त्यामुळे आईने तो उच्चारलासुद्धा नाही.) "मुलगा शिकलेला आहे, वर्ण तुमच्यासारखाच आहे, घरी गेल्यावर तुम्हीही विसरून जा," एवढेच डॉक्टरांनी सांगितले होते आणि त्या दोघांनी ते तीस वर्षे पाळले. ते डॉक्टर आता हयात नाहीत, रुग्णालयही दुसऱ्याच्या ताब्यात गेले आहे. आईकडे एकच पिवळा पडलेला केसपेपर आहे आणि त्यावर तारखेपुढे 'एआयडी' (दात्याच्या शुक्राणूंनी केलेले कृत्रिम रेतन) ही तीन अक्षरे आहेत.

मला दुसरा बाप शोधायचा नाही, हे आधीच स्पष्ट करतो. ज्यांनी मला सायकल शिकवली आणि ज्यांना मी पाणी दिले तेच माझे वडील आहेत. परंतु पंचविशीपासून दरवर्षी मी ज्या आजाराच्या भीतीने रक्त तपासून घेत आलो तो माझ्या वाट्याचा नव्हताच, आणि जो असेल त्याचे नाव मला ठाऊक नाही, ही अवस्था विचित्र आहे. माझ्याविषयीची एखादी नोंद कुठेतरी असेल, तर ती पाहण्याचा हक्क मला का नसावा, हा माझा मूळ प्रश्न आहे.

माझ्या वाचनात आले ते असे. सहायक जननतंत्राच्या नियमनाचा कायदा आपल्याकडे २०२१ साली झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. अशा मुलाला त्या दांपत्याचेच जैविक अपत्य मानावे आणि दात्याचा त्याच्यावर पालक म्हणून कोणताही हक्क राहू नये, असे तो सांगतो. शुक्राणू जमा करणाऱ्या बँकेने दात्याचे नाव, पत्ता आणि आधार क्रमांक घ्यायचा असतो, म्हणजे माहिती जमा होते. मात्र सज्ञान झाल्यावर मुलाने ती मागावी, अशी तरतूद मला त्यात सापडली नाही. त्याआधीच्या २००५ सालच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांत, अठरा वर्षांनंतर मुलाला दात्याचे नाव-पत्ता सोडून इतर माहिती विचारता यावी, असे म्हटले होते. माझा जन्म त्याच्याही कितीतरी आधीचा. स्वीडनने दात्याची ओळख कळण्याचा हक्क १९८५ पासून दिला, ब्रिटनने १ एप्रिल २००५ नंतरच्या दात्यांपासून झालेल्या मुलांना दिला, आणि ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने तर १ मार्च २०१७ पासून जुन्या, गुप्ततेचे वचन दिलेल्या दात्यांनाही ही तरतूद लागू केली. तिथे दात्याला संपर्क नाकारता येतो, ओळख लपवता येत नाही. आपल्याकडे दत्तक गेलेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी रीतसर अर्ज करता येतो. मग आमच्यासाठी तशी वाट का नाही?

विचारायचे आहे ते इतकेच : जुन्या रुग्णालयाकडे नोंद मागायची झाल्यास अर्ज कोणाच्या नावाने करावा? निफाडकडच्या वडिलोपार्जित द्राक्षबागेत माझा हिस्सा आहे. उद्या चुलत्यांना हे कळले तर तो धोक्यात येईल का? आणि पत्नीच्या डॉक्टरांना आता काय सांगावे?

एक विनंती. नियोगाचा दाखला कृपया देऊ नये. पांडू आणि धृतराष्ट्र यांचे जनक व्यास होते, हे निदान साऱ्या हस्तिनापुराला ठाऊक होते.

प्रतिसाद १
मी दिवाणी वकिली करते. जमिनीची काळजी सोडा. वैध विवाह टिकून असताना जन्मलेले मूल त्या पतीचेच, हा निर्णायक पुरावा मानला जातो. पूर्वी पुरावा अधिनियमाचे कलम ११२ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११६ आहे. त्या काळात पतिपत्नींचा एकमेकांशी संबंध येणेच शक्य नव्हते, हे सिद्ध केल्याशिवाय ते खोडता येत नाही, आणि तुमचे आईवडील तर एकाच घरात राहत होते. कोणी मागणी केली म्हणून सरसकट रक्ततपासणीचा आदेश देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गौतम कुंडू प्रकरणात १९९३ मध्येच सांगितले आहे.

नोंदीबद्दल मात्र फार आशा ठेवू नका. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षे जपणे बंधनकारक होते. नवीन कायद्यात दहा वर्षे जपून पुढे राष्ट्रीय नोंदणीकडे द्यायचे आहेत, पण त्याचा तुम्हाला उपयोग नाही. तरीही अर्ज करा, कारण जुन्या डॉक्टरांच्या नोंदवह्या कधी कधी वारसांच्या माळ्यावर पडून असतात. आणि अर्ज तुमच्या नावाने नको. त्या कागदावर रुग्ण तुमची आई आहे, तुम्ही नाही. मागण्याचा अधिकार तिचा.

प्रतिसाद २
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. वडिलांच्या बाजूच्या रकान्यात 'माहिती उपलब्ध नाही' असे लिहून द्या. चुकीच्या इतिहासापेक्षा कोरा रकाना आम्हाला अधिक उपयोगी पडतो. थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक आहात का, हे तुमच्याच रक्तातून कळते, त्यासाठी दाता सापडावा लागत नाही. आधी पत्नीची तपासणी होते. ती वाहक नसेल तर बाळाला तीव्र थॅलेसेमिया होण्याचा प्रश्न सहसा उरत नाही. मधुमेहाची तपासणी मात्र बंद करू नका, कारण आईकडचे काय, ते तुम्ही लिहिलेलेच नाही.

प्रतिसाद ३
माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, दान केलेल्या स्त्रीबीजातून झालेली. तिला चौथ्या वर्षापासून गोष्टीसारखे सांगत आले आहे, त्यामुळे तिला धक्का असा कधी बसलाच नाही. शाळेत तिने ते सगळ्यांना सांगितले तेव्हा धक्का आम्हाला बसला. आपल्या आईवर रागावू नका. तेव्हा आम्हा सगळ्यांना एकच सल्ला मिळत होता.

धागाकर्ता
तिघांचेही मनापासून आभार. आईच्या बाजूचे मी खरोखरच लिहिले नव्हते. मामांना साखर आहे, हे आज डॉक्टरांना कळवले. अर्ज आईच्या नावाने लागेल हे वाचून मी दोन दिवस थांबलो, कारण जे विसरण्याचे वचन तिने दिले होते तेच तिला स्वतःच्या सहीने मागायला लावायचे होते. काल तिला मसुदा वाचून दाखवला. तिने तो दोनदा ऐकला, 'एआयडी' हा शब्द तसाच ठेवायला सांगितला आणि सही केली. पतीच्या नावामागे 'कै.' लावायचे का, एवढेच विचारले. सोमवारी स्पीड पोस्टाने पाठवत आहे. उत्तर आले तर इथेच कळवीन.